पाण्याचं काम

माइक चालू होता. त्यामुळे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं.

"वाजव ना बाई. लाजून राह्यली काऊन? तुह्या बापानं जिंदगी काढली याच्यावर."

बोलणारे आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या हातात लोखंडी दांडा होता आणि तो त्यांनी माझ्यापुढे धरला होता. मंचाच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. कॉलेजच्याच आवारातल्या शाळेची जुनी घंटी. विजेची बेल आल्यापासून ती सामानाच्या खोलीत पडून होती. त्या दिवशी तिला धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून मंचावर आणलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन छापलं होतं, आणि ती पत्रिका मीच तयार केली होती.

कार्यशाळाही माझीच होती. विषय होता, प्रशासकाची भूमिका कशी सुधारावी. समोर संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांचे मुख्याध्यापक, प्राचार्य, मोठे बाबू. आर्वीचे तर होतेच, पण हिंगणघाटाकडचे लोकही पहाटेची एसटी धरून आले होते. मी संस्थेच्या आर्वीच्या कॉलेजात कार्यालय अधीक्षक. पुण्याला जाऊन प्रशासनाचं प्रशिक्षण घेऊन आलेली, जिल्ह्यात दोनचार ठिकाणी बोलावणं येणारी. ओळख करून देताना भाऊसाहेबांनी यातलं काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, ही आपल्या घंटीवाल्याची पोरगी. याच मैदानात फ्रॉक घालून खेळायची. आज पाहा, संस्थेनं कुठून कुठं आणून बसवली.

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, हे जास्त वाईट. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दांडा घेतला आणि रुळावर मारला. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, पुन्हा एकदा, इकडे पाहून. मी पुन्हा मारला. कार्यशाळेचं उद्घाटन झालं असं भाऊसाहेबांनी जाहीर केलं.

माझ्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. बाबांच्याही हाताला येत असतील. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं.

बाबा त्या शाळेत चपराशी होते. चपराशी म्हणजे कागदावर सगळी कामं. झाडणं, पाणी भरणं, चहा, टपाल, घंटी. प्रत्यक्षात बाबांकडे घंटी, मैदान आणि मुताऱ्या. पाणी भरायला दुसरा माणूस होता, महादेव. तो गावातल्या शेतकऱ्याच्या घरचा. बाबांसारखाच चपराशी, बाबांच्या नंतर लागलेला. पण तो पाण्यावर आणि बाबा घंटीवर. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. शाळा उघडली तेव्हापासून तसंच होतं, आणि माणसं बदलली तरी कामं जातीप्रमाणे त्याच घरांत जात होती.

लहानपणी मला त्या घंटीचा फार तोरा होता. बाबांनी दांडा उचलला की अख्खी शाळा हलायची. मास्तरसुद्धा. मला वाटायचं, शाळेत हेडमास्तरांच्या खालोखाल माझा बाप.

मग एक उन्हाळा आला. परीक्षा चालू होत्या. महादेवच्या घरी लग्न, तो आलाच नाही. रांजण कोरडे पडले. पोरं घशाला कोरड पडली म्हणून ओरडायला लागली. विहीर शाळेच्या मागेच होती. बाबा हेडमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले. मी वर्गाच्या दारात होते, मला दिसत होतं.

"मी भरून देतो ना सर. दहा मिनटाचं काम आहे."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"नको. तू घंटी पाह्य."

आणि पोरांना सुट्टी दिली. परीक्षा मध्येच थांबवून. सुट्टीची घंटी बाबांनीच वाजवली. मी आनंदाने उड्या मारत त्यांच्याकडे पळत गेले. ते दांडा हातात धरून तसेच उभे होते. मला म्हणाले, घरी जा, मायला सांग, आज मला भूक नाही.

तहानलेली पोरं चालली, पण माझ्या बापाच्या हातचं पाणी चाललं नाही. हे कळायला मला काही वर्षं लागली. कळलं तेव्हा घंटीचा तोरा गेला. तो परत आला नाही.

आता बेबीताईचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्यापासून सुरू झाली.

बेबीताई आमच्या कॉलेजात परिचर. नवरा संस्थेतच होता, तो गेल्यावर त्याच्या जागेवर लागली. आमच्याच समाजाची, माझ्याच वयाची. सरकारनं चपराशी शब्द काढून परिचर केला, छान झालं. पण ती लागली त्या दिवसापासून संडासांवरच. कॉलेजात परिचर आणखीही आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात कधी ब्रश आला नाही. मी अधीक्षक झाले तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, मले पान्यावर घ्या ना. हाताचा वास जात नाई जेवतानी."

एवढंच म्हणाली. मी तिला पाण्यावर घेतलं. माझ्या अधिकारात होतं. तिने माठ घासले, गाळणं बांधलं, सगळ्यांच्या टेबलावर ग्लास झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी स्टाफच्या पिशव्यांतून प्लॅस्टिकच्या बाटल्या निघाल्या. कोणी काही बोललं नाही. विचारलं तर एकाला डॉक्टरनं उकळलेलं पाणी सांगितलं होतं, एकीला गार पाण्याने सर्दी होत होती. त्या आठवड्यात अख्ख्या ऑफिसची तब्येत एकदम नाजूक झाली. मग प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे, पण टीम डिस्टर्ब होते. तोंडीच सांगितलं. बेबीताई परत संडासांवर गेली. माठातलं पाणी परत गोड झालं.

म्हणून कार्यशाळेचं माझ्याकडे आलं तेव्हा मी हो म्हटलं. कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरून समिती येणार होती, तिला दाखवायला काहीतरी हवं होतं. मला सगळं कळत होतं. माझं नाव का पुढे केलं तेही कळत होतं. महिला, शिवाय आमच्या समाजाची. एका फोटोत दोन कामं. पण मी विचार केला, त्यांना फोटो हवाय तर त्यांनी काढावा. मला एक निर्णय हवा होता. संस्थेच्या सगळ्या शाखांत परिचरांची कामं आठवड्याच्या पाळीने फिरतील. पाणी, चहा, टपाल, संडास, सगळं. प्रत्येकाच्या वाट्याला सगळं. सगळे प्रमुख एका छताखाली येणार होते. त्यांच्या तोंडून एकदा हो निघालं असतं तर बेबीताईसारख्या किती बायांचे हात सुटले असते. मी कार्यशाळा घेतली ती एवढ्यासाठी.

आमच्या जिल्ह्यात कुठलंही शिबिर असो, आधी सफाई. श्रमदान. ही इथली रीत, आणि तिचा फार अभिमान. त्या दिवशीही सकाळी सगळ्यांनी झाडू घेतले. खादीच्या कुडत्याच्या बाह्या वर करून भाऊसाहेब सगळ्यात पुढे. मैदान झाडलं. ते मैदान बेबीताईने आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवलेलं, म्हणजे साहेब लोकांना फार वाकावं लागू नये. झाडलेल्या मैदानावर मोठी माणसं झाडू फिरवत होती, कॅमेरा फिरत होता, आणि बेबीताई मागे संडासात पाणी ओतत होती. तिथे श्रमदान करायला कोणी गेलं नाही. झाडून झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुतले. मग सुताचे हार, मग घंटी.

घंटी झाल्यावर मी बोलायला उभी राहिले. चांगलं बोलले. प्रशासक म्हणजे सही करणारा नव्हे, असं काय काय बोलले. लोक माना हलवत होते. लिहूनही घेत होते.

मग मी म्हटलं, आता मी बोलणार नाही, तुम्ही बोला. प्रत्येक प्रमुखाने जागेवर उभं राहून फक्त दोन गोष्टी सांगायच्या. तुमच्या ऑफिसात पाणी कोण भरतं. तुमच्या ऑफिसात संडास कोण साफ करतं. नावं सांगा.

पहिले मुख्याध्यापक हसत उभे राहिले. पाणी भरणाऱ्याचं नाव त्यांनी पूर्ण सांगितलं, आडनावासकट, आदराने. संडास साफ करणारीचं नुसतं नाव. सखू. दुसरे उठले. तेच. तिसरे उठले. पुढे पुढे आवाज बारीक होत गेले. सगळ्यांना कळून चुकलं होतं की नावं वेगळी असली तरी प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो आहे. आडनावं तर इथे शेंबड्या पोरालाही वाचता येतात. एका मॅडमनी सांगून टाकलं, आमच्याकडे असं काही नाही हो, ज्याला जे जमतं ते तो करतो. मी विचारलं, मग पाणी भरणं तुमच्या संडास धुणाऱ्या बाईला जमत नाही का? त्या खाली बसल्या.

मी पाळीचा प्रस्ताव मांडला. म्हटलं, जेवणानंतर यावर हात वर करू.

चहाच्या सुट्टीत एक मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. आमच्याच समाजाचे. त्यांचे वडील आणि माझे बाबा बरोबरच दीक्षाभूमीला जायचे. मला वाटलं, पाठीशी उभे राहतील.

"ताई, चारचौघात काऊन काढलं हे? आपलं भागलं ना. आता कोनी आपल्याले काई म्हनते का?"

मी त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहत राहिले. त्यांच्या शाळेतली संडास साफ करणारी बाई त्यांची लांबची वहिनी लागते. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. आपल्या माणसाचा राग वेगळा असतो. तो बाहेर काढता येत नाही, गिळताही येत नाही.

जेवायला वरांड्यात पंगत बसली. गोळाभात, वांग्याची भाजी, बुंदी. मी हात धुऊन येते तो काय, पहिल्या पाटावर बेबीताई. तिला कोणी आणून बसवलं होतं. ती अंग चोरून बसली होती आणि तिच्या पानात भाऊसाहेब स्वतः वाढत होते. "घे बाई, लाजू नको. पहिले तू, मंग आम्ही." फोटोग्राफर गुडघ्यावर बसून फोटो काढत होता. लोक कौतुकाने पाहत होते. एक जण म्हणालासुद्धा, याला म्हणतात प्रशासक.

भाऊसाहेब वाढता वाढता खाली वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. बेबीताईने मान हलवली. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही. तिने एक घास घेतला आणि मग जेवलीच नाही. पान तसंच उचलून नेलं.

जेवणानंतर सगळे परत बसले. मी माइक हातात घेणार तोच भाऊसाहेब म्हणाले, हात वर करायच्या आधी जिच्यासाठी हे चाललं आहे तिलाच विचारू. लोकशाही आहे. बेबी, ये इकडे.

बेबीताई मंचावर आली. लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिला माइक कसा धरायचा ते माहीत नव्हतं. प्राचार्यांनी तो तिच्या तोंडासमोर धरला.

"मले सफाईचंच काम बरं आहे," ती म्हणाली. "मले काई तरास नाई. मॅडमनं मले न इचारता सांगतलं."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"झाला विषय," भाऊसाहेब म्हणाले. टाळ्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. हळू आवाजात, पोरांना सांगावं तसं. काम कोणतंच हलकं नसतं. सकाळी आम्ही सगळ्यांनी झाडू घेतला की नाही? मग? मॅडम शिकल्या-सवरल्या आहेत, त्यांना बाहेरच्या हवेने असं वाटतं. आपली संस्था एक कुटुंब आहे. कुटुंबात कोणी पाणी भरतो, कोणी झाडतो, हिशोब कोणी ठेवत नाही.

मला खूप काही बोलायचं होतं. म्हणायचं होतं की कुटुंबात पाणी भरणारा आणि संडास धुणारा एकाच माठाचं पाणी पितात. हे वाक्य मला आत्ता सुचतं आहे. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी नुसती उभी होते, आणि समोर माझ्या कार्यशाळेला आलेले लोक घड्याळं पाहत होते. अनेकांना शेवटची गाडी पकडायची होती. बेबीताई मंचावरून उतरून मागच्या भिंतीला टेकली होती. मला तिचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी भाऊसाहेबांपेक्षा तिचा जास्त आला. मग लक्षात आलं, तोही त्यांनीच लावून दिलेला राग होता.

आभारप्रदर्शन झालं. भाऊसाहेब उठले, कोपऱ्यातला दांडा उचलला आणि सकाळसारखाच माझ्यापुढे धरला.

"चला मॅडम. सुरुवात तुमच्या हातानं, शेवटही तुमच्याच हातानं. वाजवा सुट्टीची घंटी."

सुट्टीची घंटी.

रांजण कोरडे. पोरं तहानलेली. विहीर मागेच. आणि माझा बाप दांडा धरून उभा. मला ते सगळं दिसलं. तेव्हा त्यांनी ती वाजवली होती, कारण घरी मी होते, माय होती, चूल होती. त्यांना वाजवणं भाग होतं. मला काय भाग होतं? मला कोणी उपाशी मारणार नव्हतं. सकाळी मी कशाला घाबरून वाजवली? कशालाच नाही. टाळ्या पडत होत्या म्हणून वाजवली. अपमान टाळ्यांत गुंडाळून दिला की माणूस दोन्ही हातांनी घेतो.

मी दांडा घेतला नाही. दिवसभर मी त्या माइकवर छापील मराठी बोलत होते. आता तोंडातून निघाली ती आमच्या घरातली बोली.

"माह्या बापाले तुम्ही घंटी देली, पानी नाई देलं. मी नाई वाजवत."

माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं. भाऊसाहेबांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच नवल होतं. खाऊ देताना पोराने हातावर फटका मारावा तसं. मी त्यांच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, नाही वाजवणार. आज नाही, कधीच नाही.

इथे मला लिहिता आलं असतं की कोणीतरी उभं राहिलं. कोणीतरी म्हणालं, मॅडम बरोबर बोलतात. तसं काही झालं नाही. प्राचार्य हसल्यासारखं करून म्हणाले, मॅडम दमल्या आहेत. एक बाबू पुढे आला, त्याने दांडा घेतला आणि घंटी वाजवली. चांगली जोरात वाजवली. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, पिशव्या उचलल्या, गाडीला पळाले. माझ्यावाचून घंटीचं काही अडलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा बेबीताई कप गोळा करत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने कप खाली ठेवले नाहीत.

"माह्या पोराले लावून देतो म्हनले वसतिगृहावर. पानात वाढता वाढता म्हनले भाऊसाहेब. वाढत्या हाताले नाई कसं म्हनू?" मग म्हणाली, "तुमचं सुटलं. माह्यं कुठी सुटलं?"

तिचा पोरगा वसतिगृहावर लागला, हे मला नंतर कळलं. काय काम मिळालं तेही कळलं. तिथले संडास.

समिती आली, गेली. कार्यशाळेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आहे. घंटी वाजवतानाचा, कॅमेऱ्याकडे पाहणारा. खाली ओळ छापली आहे, अभिनव पद्धतीने उद्घाटन. समितीच्या लोकांना ती कल्पना फार आवडली म्हणे. आतमध्ये पाळीच्या प्रस्तावाचा एक शब्द नाही. पंगतीचा फोटो आहे.

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली. वडनेरच्या शाळेत, समन्वयक म्हणून. आर्वीहून वडनेर म्हणजे जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला फेकणं. कारण दिलं, प्रशासकीय सोय. माय घरात एकटी राहते म्हणून मी विनंती केली होती, ती ऐकली गेली नाही. मी निघाले त्या दिवशी माय दारात बसून होती. मी तिला सगळं सांगितलं होतं.

"तुह्या बापानं दात आवळून काढले दिवस," ती म्हणाली. "तुले नाई जमलं." ती कौतुकाने बोलली की दुःखाने, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

वडनेरला ऑफिसच्या कोपऱ्यात एक माठ आहे. लाकडी तिवईवर ठेवलेला, वर स्टीलचं झाकण. भरणारा माणूस ठरलेला, कोणत्या घरचा ते सांगायला नको. संडास धुणारी बाई ठरलेली, तिचंही सांगायला नको. पहिल्या दिवशी मी गेले, बॅग ठेवली, माठ उचलून बाहेर नेला, घासला, नळाखाली भरला आणि परत आणून ठेवला. सगळे पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून पिशव्यांतून बाटल्या निघाल्या. मला हसू आलं. निदान या बाबतीत अख्ख्या जिल्ह्याचं एकमत आहे.

संडासाची पाळी मी लावली. सोमवारी माझी, मंगळवारी मुख्याध्यापकांची, पुढे सगळ्यांची. सोमवारी मी धुते, त्या बाईच्या पाळीला ती धुते. बाकीचे दिवस तिथे घाण असते, कारण कोणी येत नाही, आणि इतरांच्या पाळीला त्या बाईला मी हात लावू देत नाही. तिला पाळीच्या एकाच दिवसाचं काम आहे, बाकी दिवस ती टपाल पाहते. लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. खुलासा मागणारा कागद आला, मी खुलासा दिला. दुसरा येईल. ती बाईसुद्धा मला म्हणाली, मॅडम, धुऊन टाकतो ना एकडाव, कशाले भांडता. मी तिला म्हटलं, हात लावायचा नाही. मी तिच्यावर उपकार करते आहे असं मला वाटत नाही. उद्या माझी इथूनही बदली झाली तर परवा तिच्या हातात ब्रश येणार, हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापक माझ्या टेबलाशी आले. आवाजात अगदी साखर.

"मॅडम, सगळेच बाटल्या आनतात आता. माठ कशाले ठेवता? काढून टाकू. जागा तरी होईन."

मी माठाकडे पाहिलं. सकाळी भरलेला, काठोकाठ. मी वगळता त्यातलं पाणी आजवर कोणी प्यालेलं नाही. रोज संध्याकाळी मी उरलेलं पाणी बाहेरच्या कडुनिंबाला घालते आणि सकाळी नवीन भरते.

मी त्यांना सांगितलं, माठ हलणार नाही. तुम्ही फोडलात तर मी दुसरा आणेन. तोही फोडलात तर तिसरा. मला दुसरीकडे पाठवलंत तर तिथे भरेन.

ते म्हणाले, पण मॅडम, पिते कोन?

"नका पिऊ," मी म्हटलं. "तुम्ही प्यावं म्हणून मी भरतच नाही. माझ्या बापाला भरू दिलं नाही म्हणून भरते."